केरूनाना छत्रे

पुणे शहर काळ्या दगडाच्या भूमीवर वसलेले आहे. शनिवारवाड्याचे जोते याच दगडाचे, पर्वतीच्या पायऱ्या याच दगडाच्या आणि मुठेच्या पात्रात उघडे पडलेले खडकही याच जातीचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून तप्त लाव्हारस वर आला. त्याचे थरांवर थर पसरत गेले आणि ते निवून त्यांचा हा पाषाण बनला. पुण्यातील मुले रोज ज्या दगडावरून चालतात, तो अशा रीतीने फार खोलवरून आलेला आहे.

परंतु ज्या खोल जागेतून तो आला, तेथे काय आहे? तेथवर कोणी मनुष्य गेलेला नाही आणि जाऊ शकतही नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून तिच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७० किलोमीटर आहे. रशियातील कोला येथे माणसाने पाडलेले अतिशय खोल छिद्रही अवघ्या १२ किलोमीटरांच्या थोडे पुढे गेले, आणि तेथेच थांबले. आंब्याच्या सालीला नखाचा ओरखडा काढावा, इतकाच हा प्रयत्न होय. त्या ओरखड्याने आतल्या कोयीचा पत्ता कसा लागणार?

असे असूनही पृथ्वीच्या पोटात वितळलेल्या लोखंडाचा अफाट सागर आहे, असे शास्त्रज्ञ आज खात्रीने सांगतात. न दिसणाऱ्या वस्तूचे हे ज्ञान एका दिवसात झालेले नाही. पृष्ठभागावर बसून बारीकसारीक मोजमापे घ्यायची आणि ती वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे लिहून ठेवायची, असे काम करणाऱ्या अनेक माणसांच्या श्रमांतून ते उभे राहिले आहे. हिंदुस्थानात ज्यांनी हे काम अगदी आरंभी केले, त्यांत एक महाराष्ट्रीय तरुण होता. पुढे हाच तरुण पुण्याचा विख्यात गणिती आणि ज्योतिर्विद झाला. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना आदराने केरोपंत आणि प्रेमाने केरूनाना म्हणत.

केरूनानांचा जन्म इ. स. १८२५ च्या सुमारास अलिबागजवळच्या नागाव या गावी झाला. हा सारा प्रदेश अष्टागर म्हणून प्रसिद्ध आहे. एका बाजूस नारळी-पोफळीच्या दाट वाड्या, दुसऱ्या बाजूस समुद्र, अशी या गावांची रचना. येथे दिवसातून दोन वेळा भरतीचे पाणी किनाऱ्यावर चढते आणि दोन वेळा ओसरते. ते का चढते आणि का ओसरते, याचा विचार करणारी माणसे मात्र थोडी असतात. केरूनाना त्या थोड्यांपैकी होते. मोठेपणी त्यांनी ज्या विषयांवर निबंध लिहून वाचले, त्यांत भरती-ओहोटी हा एक विषय होता.

लहानपणीच त्यांना घर सोडून चुलत्यांच्या आश्रयाने मुंबईस शिकण्यासाठी जावे लागले. त्या काळी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ही मुंबईतील नामांकित विद्यासंस्था होती. मराठीतील पहिले वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर तेथे शिकवीत असत. ऑर्लिबार नावाचे इंग्रज अध्यापक ज्योतिष आणि पदार्थविज्ञान हे विषय शिकवीत. या दोघांच्या हाताखाली केरूनानांची बुद्धी फुलली. गणितात त्यांची गती विलक्षण होती. पण गणिताहूनही एक मोठा गुण त्यांच्या अंगी होता. हाती घेतलेले काम सूक्ष्मपणे आणि न कंटाळता करण्याची त्यांना सवय होती. या गुणामुळेच पंधरा-सोळा वर्षांच्या कोवळ्या वयात त्यांच्यावर एक जोखमीचे काम आले.

मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा बांधली होती. बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी आणि आकाशातील ज्योतींचे वेध घेता यावेत, हा तिचा मूळ हेतू होता. १८४१ पासून तेथे हवामानाबरोबर चुंबकाच्या सुईच्याही नोंदी घेण्यास सुरुवात झाली. या कामाचे प्रमुख ऑर्लिबार होते आणि त्यांनी आपला हा हुशार विद्यार्थी मदतनीस म्हणून बरोबर घेतला.

चुंबकाच्या सुईवर एवढा पहारा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. होकायंत्राची सुई उत्तर दिशा दाखवते, हे नावाड्यांना शेकडो वर्षे ठाऊक होते. ती उत्तर का दाखवते, हे मात्र ठाऊक नव्हते. १६०० साली गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने असे प्रतिपादन केले की, ही सारी पृथ्वीच एक प्रचंड चुंबक आहे. पुढे निरीक्षणांती असे आढळले की, सुई अगदी नेमकी उत्तर दाखवीतच नाही. ती थोडी इकडे किंवा तिकडे कललेली असते. हा कल प्रत्येक गावी निराळा असतो, वर्षागणिक पालटतो, इतकेच काय, सकाळी एक तर दुपारी दुसरा असतो. पुढे १८३९ साली गाऊस या थोर जर्मन गणितज्ञाने ठिकठिकाणची मोजमापे एकत्र करून गणिताने सिद्ध केले की, सुईला वळवणारी शक्ती मुख्यतः पृथ्वीच्या पोटातून येते.

यातून एक मोठे कोडे उभे राहिले. खाणीत जसजसे खोल उतरावे तसतशी उष्णता वाढत जाते, हा खाणकामगारांचा नित्याचा अनुभव होता. लोखंड तापवून लाल केले की त्याचे चुंबकत्व नाहीसे होते, हेही सर्वांना माहीत होते. मग पृथ्वीचे पोट जर इतके तप्त असेल, तर तेथे चुंबक टिकतो कसा? आणि तो चुंबक जर घट्ट लोखंडाचा असेल, तर त्याची शक्ती वर्षावर्षाला पालटते कशी? या कोड्याचे उत्तर त्या काळी जगात कोणापाशीही नव्हते. उत्तर शोधण्याचा एकच मार्ग होता. निरनिराळ्या देशांत वेधशाळा उभारायच्या, सर्वांनी एकाच पद्धतीने सुईची हालचाल टिपायची आणि त्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या. युरोपातील विद्वानांनी अशी मोहीम काढली. कुलाब्याची वेधशाळा त्या मोहिमेतील एक ठाणे झाली.

अशा वेधशाळांतील काम दिसावयास सोपे होते, पण करावयास फार कठीण. चुंबकाची एक कांडी न पिळलेल्या रेशमाच्या धाग्याने टांगलेली असे. तिच्यावर बसविलेल्या आरशात एका मोजपट्टीचे प्रतिबिंब पडे. निरीक्षकाने दूर बसून लहानशा दुर्बिणीतून ते प्रतिबिंब पाहायचे आणि आकडा वाचायचा. कांडी केसभर जरी हलली, तरी आरशातील आकडा सरकलेला दिसे. म्हणून त्या खोलीच्या बांधकामात लोखंडाचा खिळासुद्धा चालत नसे. चाकू, किल्ल्या अशा वस्तू बाहेर ठेवूनच आत जावे लागे. वाऱ्याची झुळूक आत येता कामा नये, दिवा जवळ नेता कामा नये, आणि वेळेत थोडीही चूक होता कामा नये. तासातासाला ही नोंद व्हायची. दिवस असो वा रात्र, उन्हाळा असो वा मुंबईचा धुवांधार पावसाळा, घड्याळाचा काटा ठरल्या जागी आला की निरीक्षकाचा डोळा दुर्बिणीला लागलाच पाहिजे, असा तेथील शिरस्ता होता.

या कामात कौतुक नव्हते, टाळ्या नव्हत्या. एका रात्रीचा आकडा आदल्या रात्रीच्या आकड्यासारखाच दिसायचा. झोप अनावर झाली म्हणून एखाद्याने अंदाजाने आकडा भरला असता, तर त्या रात्री ते कोणाच्या लक्षातही आले नसते. पण शेकडो नोंदींतून निष्कर्ष काढावयाचा असतो, तेव्हा एक खोटा आकडा अनेक खऱ्या आकड्यांचा विश्वास घालवतो. दुधाच्या घागरीत विरजणाचा थेंब पडावा, तशी ही गोष्ट आहे. कोणी पाहत नसतानाही खरेच लिहायचे, हा या कामाचा पहिला आणि शेवटचा नियम होता. केरूनानांनी सुमारे दहा वर्षे या नियमाने काम केले. ज्या वयात मनुष्याच्या सवयी घडतात, त्या वयातील ही दहा वर्षे होती. वेधशाळेने त्यांना कोणत्याही ग्रंथाहून मोठे शिक्षण दिले. ग्रंथ काय सांगतो हे वाचावे. पण निसर्ग काय दाखवतो तेही स्वतः मोजून पाहावे, आणि दोहोंत अंतर पडले तर निसर्गाचे म्हणणे खरे मानावे, अशी त्यांची वृत्ती बनली.

१८५१ साली केरूनाना पुण्यास आले. मुंबई-पुणे आगगाडी तेव्हा अस्तित्वात नव्हती; बोरघाट चढूनच वर यावे लागे. त्याच वर्षी पुण्यातील जुनी संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून विश्रामबागवाड्यात पूना कॉलेजची स्थापना झाली होती. हेच पुढे डेक्कन कॉलेज या नावाने प्रसिद्ध झाले आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. पुण्यात केरूनानांनी प्रथम शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत आणि पुढे कॉलेजात अध्यापन केले. गणित आणि पदार्थविज्ञान हे त्यांचे विषय. हे विषय मराठीतून शिकवावेत, तर तशी पुस्तके त्या काळी फारशी नव्हती. म्हणून त्यांनी शाळांसाठी अंकगणित आणि पदार्थविज्ञान यांवर मराठीत पुस्तके लिहिली. खेड्यापाड्यांतील मुलांच्या हाती विज्ञान गेले पाहिजे आणि ते त्यांच्या मातृभाषेतून गेले पाहिजे, हा त्या लेखनामागचा हेतू होता.

कॉलेजात त्यांच्या हाताखाली जे विद्यार्थी शिकले, त्यांत बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघे होते. टिळकांना गणिताची आणि ज्योतिषाची जी गोडी लागली ती जन्मभर टिकली. राजकारणाच्या धकाधकीत आणि तुरुंगाच्या एकांतातही त्यांनी त्या विषयांचा अभ्यास सोडला नाही. त्या आवडीला केरूनानांच्या अध्यापनाचे मोठे पाठबळ होते.

पुण्यात आल्यावर केरूनानांची दृष्टी पृथ्वीवरून ग्रहांकडे वळली. ग्रह आकाशात कोठे दिसतील, ग्रहण केव्हा लागेल, सण कोणत्या दिवशी येईल, या गोष्टी लोक पंचांगात पाहत. महाराष्ट्रातील पंचांगे बहुधा गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या ग्रंथावरून तयार होत. सोळाव्या शतकात रचलेला हा ग्रंथ मोठ्या योग्यतेचा होता. परंतु घड्याळ दररोज अर्धे मिनिट मागे पडत असेल, तर वर्षाअखेर ते तीन तासांनी मागे पडते. त्याचप्रमाणे गणितातील लहानशी तफावत तीनशे वर्षांत साठत गेली होती. पंचांगात लिहिलेले ग्रहांचे स्थान आणि आकाशात दिसणारे स्थान यांचा मेळ बसत नव्हता.

ज्याने दहा वर्षे सुईचा केसभर कल टिपला होता, त्याला हे अंतर कसे सहन व्हावे? केरूनानांनी युरोपीय ज्योतिषांची सूक्ष्म कोष्टके अभ्यासली, ती आपल्या कालगणनेला जुळतील अशी नव्याने मांडली आणि १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठी जाणणाऱ्या कोणाही ज्योतिषाला त्यावरून ग्रहांची खरी स्थाने काढता येऊ लागली. एवढ्यावर न थांबता १८६५ पासून त्यांनी आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नवे पंचांग काढण्यास प्रारंभ केला. पटवर्धनी पंचांग या नावाने ते ओळखले जाऊ लागले.

हे काम विद्वत्तेइतकेच धैर्याचेही होते. पंचांग ही घरोघरी पूजिली जाणारी वस्तू. त्यात फेरफार करणे म्हणजे पूर्वजांचा अवमान, असे अनेकांना वाटे. राशिचक्राचा आरंभ कोणत्या ताऱ्यापासून मोजावा, यावरही मतभेद झाले. केरूनानांनी रेवती नक्षत्रातील तारा आरंभस्थान म्हणून घेतला. तसे केल्याने कधी कधी अधिक महिनासुद्धा निराळा येई. त्यामुळे त्यांचे पंचांग सर्वांनी लगेच स्वीकारले नाही. बहुसंख्य लोक जुन्याच पंचांगाला चिकटून राहिले. केरूनानांनी आपले काम सोडले नाही. त्यांच्या बाजूला आकाशाची साक्ष होती, आणि खरे पाहता पूर्वजांचा आदर्शही होता. गणेश दैवज्ञांनी आपला ग्रंथ रचताना त्याहून जुन्या ग्रंथांतील आकडे आकाशाशी ताडून पाहिले होते आणि जेथे चुकले तेथे सुधारले होते. तेच काम तीनशे वर्षांनंतर पुन्हा करणे, हा पूर्वजांचा अवमान नसून त्यांच्याच मार्गाने केलेली पुढची वाटचाल होती. पुढे लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाच्या या कार्याला आपले बळ दिले.

केरूनानांच्या चौकस दृष्टीतून सूर्यही सुटला नाही. दुर्बिणीच्या साहाय्याने ते सूर्यावरील डागांचे निरीक्षण करीत आणि त्या डागांचा पृथ्वीच्या हवामानाशी काही संबंध असेल काय, याचा विचार करीत. सूर्यावरील डाग वाढले की पृथ्वीवरील चुंबकाच्या सुया अधिक अस्वस्थ होतात, ही गोष्ट १८५२ मध्ये उघडकीस आली होती. कुलाब्याच्या लहानशा खोलीतील कांडी आणि कोट्यवधी किलोमीटर दूर असलेला सूर्य यांचे असे नाते होते.

१८७७ मध्ये सरकारने केरूनानांना रावबहादूर ही पदवी दिली. १८७९ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. सुईला वळवणारी शक्ती पृथ्वीच्या पोटात कशी निर्माण होते, या कोड्याचे उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नाही.

परंतु त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी सुरू केलेली नोंदवही बंद पडली नाही. १८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी सूर्यावर मोठा उत्पात झाला आणि त्याचा तडाखा पृथ्वीला बसला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या वेळी कुलाब्याची सुईही जोराने हेलकावली, आणि तेथील निरीक्षकांनी तिची हालचाल नेहमीप्रमाणे लिहून ठेवली. तेव्हा केरूनाना पुण्यास येऊन आठ वर्षे लोटली होती. पण ज्या परंपरेत ते घडले होते, तिचेच हे काम होते. जवळजवळ दीडशे वर्षांनंतर, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी याच जुन्या आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता ठरविली. इतके मोठे चुंबकीय वादळ त्यानंतर क्वचितच झाले असेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी या नोंदवहीवर एक संकट आले. मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम धावणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकाची सुई विचलित होते. शहरात ट्राम सुरू होताच कुलाब्याचे आकडे निरुपयोगी ठरणार होते. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी दूर, शांत आणि तरीही जवळची अशी जागा शोधली. ती जागा अलिबाग होय. केरूनानांचे नागाव तेथून अगदी जवळ आहे. लोखंडाचा अंश नसलेले साहित्य निवडून तेथे नवी इमारत उभी राहिली आणि १९०४ मध्ये काम सुरू झाले. दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा नीट जुळला, याची खात्री झाल्यावरच कुलाब्याचे चुंबकविषयक काम थांबविले गेले. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. शहराची सोय झाली आणि विज्ञानाची साखळीही तुटली नाही. अलिबागच्या वेधशाळेत हे काम आजही चालू आहे.

याच सुमारास पृथ्वीच्या पोटाचे दार दुसऱ्या बाजूने किलकिले झाले. १८९७ मध्ये आसामात भीषण भूकंप झाला. त्याचा अभ्यास हिंदुस्थानच्या भूवैज्ञानिक खात्यातील ओल्डहॅम यांनी केला. भूकंपाच्या लाटा पृथ्वीच्या आतून आरपार प्रवास करतात, आणि वाटेत जसा पदार्थ लागेल तसा त्यांचा वेग पालटतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी १९०६ मध्ये दाखविले की, पृथ्वीच्या मध्यभागी एक निराळा गाभा आहे. पुढील संशोधनाने चित्र स्पष्ट होत गेले. सर्वांत वर पातळ भूकवच. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत खडकांचा जाड थर. त्याखाली वितळलेल्या लोखंडाचा गाभा. आणि अगदी मध्यभागी, प्रचंड दाबामुळे घट्ट राहिलेला लोखंडाचा गोळा. हा मधला गोळा १९३६ मध्ये इंगे लेहमान या डॅनिश विदुषीने शोधून काढला.

आता जुन्या कोड्याचे उत्तर सापडले. पृथ्वीच्या पोटात घट्ट चुंबक नाहीच. तेथील वितळलेले लोखंड सतत खळबळत असते. पृथ्वीच्या फिरण्याने त्या खळबळीला वळण मिळते. तीतून विजेचे प्रवाह उत्पन्न होतात आणि त्या प्रवाहांमुळे चुंबकत्व निर्माण होते. लोखंड वाहते आहे, म्हणूनच सुईचा कल वर्षागणिक पालटतो. कुलाब्याच्या खोलीत दुर्बिणीला डोळा लावून बसलेला तो तरुण मुलगा, स्वतःस नकळत, पायाखाली हजारो किलोमीटर खोल वाहणाऱ्या लोखंडाच्या सागराची चाहूल टिपीत होता.

हे ज्ञान केवळ जिज्ञासा शमविण्यासाठी नाही. सूर्याकडून विद्युत्‌भारित कणांचा झोत सतत पृथ्वीकडे येत असतो. पृथ्वीचे चुंबकत्व ढालीसारखे पुढे होऊन तो झोत बाजूला वळवते. मंगळाला एके काळी अशी ढाल होती. ती अब्जावधी वर्षांपूर्वी नाहीशी झाली. मंगळावरची बरीचशी हवा उडून जाण्यास हेही एक कारण झाले, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. म्हणून शास्त्रज्ञ आता अन्य ग्रहांच्या पोटाचाही शोध घेत आहेत. २०१८ मध्ये इनसाइट नावाचे यान मंगळावर उतरले आणि चार वर्षे तेथील भूमीला जणू कान लावून बसले. त्याने मंगळावरचे १,३०० हून अधिक कंप नोंदले, आणि मंगळाच्या पोटातही वितळलेल्या धातूचा गाभा असल्याचे दिसून आले. गुरू ग्रहाभोवती जूनो हे यान २०१६ पासून फिरत राहिले आणि त्या ग्रहाचे आकर्षण व चुंबकत्व मोजत गेले. यंत्रे बदलली, ग्रह बदलले. रीत मात्र कुलाब्याचीच राहिली. बाहेरून मोजायचे, नेमके लिहायचे आणि त्यावरून आतले जाणून घ्यायचे.

पुणेकरांना तर हा अभ्यास अगदी आपल्या दाराशी दिसतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात मोठा भूकंप झाला आणि त्याने अनेक घरे उद्ध्वस्त केली. त्याचा हादरा पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. तो भूकंप का झाला, हे जाणण्यासाठी त्याच भागात शास्त्रज्ञांनी काळ्या दगडाच्या थरांतून ३ किलोमीटर खोल छिद्र पाडले. ते काम २०१७ मध्ये पुरे झाले. भूकंप नेमका कोणत्या क्षणी होईल, हे सांगण्याची विद्या अजून माणसाच्या हाती आलेली नाही. ती केव्हा येईल, हेही सांगता येत नाही. पण आज जे आकडे काळजीपूर्वक लिहिले जात आहेत, त्यांच्याच आधाराने ती एखाद्या दिवशी येईल.

आमराई लावणारा प्रत्येक माळी तिची फळे खातोच असे नाही. नातवंडे खातील या विश्वासाने तो रोपांना पाणी घालतो. केरूनानांची दहा वर्षांची रात्रपाळी अशीच होती. मोठ्या शोधावर कोरले जाणारे नाव त्यांच्या वाट्याला आले नाही. परंतु खरा आकडा लिहिण्याचा कंटाळा न करणे आणि लिहिलेले चुकीचे ठरले तर ते सुधारण्यास न भिणे, हे दोन धडे त्यांनी स्वतः गिरविले आणि पुण्याच्या विद्यार्थ्यांच्या एका पिढीकडून गिरवून घेतले. विज्ञानाची इमारत याच दोन धड्यांवर उभी आहे.